सोमवारच्या वजनकाट्याची कबुली

आधी माझ्या फळीवरून पाय खाली घ्या, मग बोलू. कुणी अंगावर उभं असलं की मला दुसरं काही सुचत नाही, आकडाच सांगावासा वाटतो. हं, आता ठीक. तर मित्रांनो, मी वजनकाटा. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, उडालेल्या रंगावरून दिसतंच आहे. मला पडदा नाही, बटण नाही. खाली उभं राहायला लोखंडी फळी, वर छातीच्या उंचीवर एक आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारी दोन वजनं, एक मोठं, एक छोटं. वजनं सरकवायची, दांडी मधोमध तरंगली की आकडा वाचायचा. स्वभावाने मी जरा ताठ आहे. आयुष्यभर उभाच राहिलो, त्याला काय करणार!

मला एका छोट्या कारखान्यात घडवलं. माझी दांडी बसवणारा कारागीर भारी चिकित्सक. पितळेची नेमकी वजनं फळीवर ठेवून तो दिवस दिवस मला तपासत बसे. इकडे जरा घास, तिकडे जरा घास. शेजारचा म्हणायचा, "अरे सोड आता, त्याच्यावर काय सोनं मोजणार आहेत?" पण हा पठ्ठ्या ऐकेल तर शपथ. शेवटी दांडी हवी तशी तरंगली, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा. खोटं बोलू नकोस." मी ते फारच मनावर घेतलं.

पहिली काही वर्षं एका दवाखान्यात गेली. तिथे आया बाळाला कडेवर घेऊन माझ्यावर चढत, मग बाळ दुसऱ्या कुणाकडे देऊन एकट्या चढत आणि डॉक्टर वजाबाकी करत. बाळाचं वजन वाढलं की सगळे खूश. त्यामुळे वजन वाढणं ही आनंदाची गोष्ट असते अशीच माझी समजूत झाली होती. पुढे दवाखान्यात नवा काटा आला आणि माझी रवानगी एका कॉलेजच्या मैदानावर झाली. तिथे ही समजूत पार उलटी झाली.

मैदानाच्या कडेला पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली आहे. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर ओले टॉवेल, कोपऱ्यात भाले आणि अडथळ्यांच्या चौकटी, सगळीकडे दुखण्यावर चोळायच्या मलमाचा वास. दाराजवळ मी. लांब पल्ल्याच्या धावपटू मुलींना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. सगळ्याजणी त्यांना नुसतं 'बाई'च म्हणायच्या. एके काळी त्या स्वतः नावाजलेल्या धावपटू होत्या. आता उजवा पाय किंचित ओढत चालायच्या, पण चालायच्या इतक्या भराभर की बरोबरच्या माणसाची दमछाक व्हावी.

दर सोमवारी सकाळी मुलींचं वजन व्हायचं. बाई मोठ्याने आकडा वाचायच्या आणि वहीत लिहायच्या: तारीख, नाव, वजन, शेरा. प्रत्येकीला दोन मर्यादा आखून दिल्या होत्या. वरची ओलांडली तर बोलणी खायची, खालची ओलांडली तर मैदान बंद. बाई वाईट नव्हत्या हो. मुलींना बूट मिळावेत म्हणून त्या ऑफिसात तासन्‌तास भांडायच्या. पण त्यांचा माझ्यावर अतोनात विश्वास. "माणसं सबबी सांगतात, काटा सांगत नाही," असं त्या म्हणायच्या आणि मी आणखीच ताठ व्हायचो.

मध्यंतरी एक चपटा, काचेचा, आकडे उजळणारा काटा आला. मला खुंट्यांखाली ढकललं. माझ्या दांडीवर मुली मोजे वाळत घालू लागल्या. मोजे! पण त्या साहेबांना ओले पाय सोसेनात. चार महिन्यांत त्यांनी कायमचे डोळे मिटले आणि मला पुन्हा दाराजवळ आणलं. त्या दिवशी मी खूश होतो हे कबूल करतो.

आता काडीबद्दल सांगतो. काडी हे टोपणनाव. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेली, हातपाय लांब, बडबड अखंड. धावायला लागली की मात्र एक शब्द नाही. तिच्याइतकी मोठी पल्लेदार धाव बाईंनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. सुरुवातीच्या एका सोमवारी ती माझ्यावर चढली आणि तिचा आकडा मागच्या खेपेपेक्षा दीड किलोने वर गेला. आकडा किती ते विचारू नका. तो तिचा आहे, मी सांगणार नाही. तेव्हा मात्र मी बिनदिक्कत सांगितला होता. बाईंनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, "काय गं, आठवडाभर पाहुणचार चालला होता की काय?" सगळ्या हसल्या. काडीही हसली, पण तिचे पाय माझ्या फळीवर थरथरत होते आणि ते फक्त मला कळलं.

मित्रांनो, पाळी म्हणजे काय हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक असेल, काहींना नसेल. मोठ्या होणाऱ्या मुलींना आणि बायकांना साधारण महिन्यातून एकदा पाळी येते. चार-पाच दिवस रक्त जातं, काहींचं पोट दुखतं. पाळीच्या आधी काहींच्या अंगात पाणी साठतं आणि वजन थोडं चढतं. मग आपसूक उतरतं. यात लाजण्यासारखं तसूभरही नाही. काडीचं वजन त्या सोमवारी एवढ्यासाठीच चढलं होतं. आकडा मी बरोबर सांगितला. तो तिच्या महिन्यातला कोणता दिवस होता हे कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

त्या दिवसापासून काडीने रात्रीचं जेवण जवळजवळ सोडलं. घरी सांगायचं मैत्रिणीकडे खाल्लं, मैत्रिणीला सांगायचं घरी खाल्लं. वजन उतरत गेलं, बाई खूश झाल्या. पण ते खालच्या मर्यादेशी येऊन ठेपलं आणि मैदान बंद व्हायची वेळ आली. सरावात पायाला बांधायच्या रेतीच्या छोट्या पिशव्या असतात, अर्ध्या किलोची एकेक. त्यातली एक तिने ढगळ सदऱ्याखाली कमरेला बांधली आणि माझ्यावर चढली. काही महिन्यांनी दोन. मग तीन. मग चार. थोडं कमी पडलं तर वरून पाणी प्यायची. दर सोमवारी तोच आकडा, ना इकडे ना तिकडे. बाई बाकीच्या मुलींना म्हणायच्या, "हिच्याकडून शिका. एवढी शिस्त पाहिजे." आणि मी? फळीवर जे उभं आहे ते तोलायचं एवढंच मला येतं. मुलगी किती आणि रेती किती, हे वेगळं सांगायची सोय माझ्या दांडीवर नाही. मी मूग गिळून गप्प बसलो.

काडीला एक थोरली बहीण आहे. काडी तिला ताई म्हणते, म्हणून आपणही ताईच म्हणू. ती त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. पूर्वी तीही धावायची, पण दर महिन्याला पोटात इतक्या कळा यायच्या की शेवटी तिने नाद सोडला. तिची जिवलग मैत्रीण नर्सिंगला आहे. शिक्षण अजून पुरं व्हायचंय, पण सगळे आतापासूनच तिला सिस्टर म्हणतात. कॉलेजात विद्यार्थ्यांच्या नव्या उद्योगांची स्पर्धा जाहीर झाली आणि या दोघींनी ठरवलं की खेळणाऱ्या मुलींच्या पाळीवर काम करायचं. पहिल्या तीन क्रमांकांना उद्योग थाटायला वर्षभर एक खोली मिळणार होती.

एके दिवशी दोघी बाईंकडे आल्या आणि सोमवारच्या जुन्या वह्या मागितल्या.

"कशाला?" बाई म्हणाल्या.

"वजन आणि पाळी यांचा काही मेळ लागतो का ते बघायचंय," ताई म्हणाली.

"पाळीचा आणि धावण्याचा काय संबंध? आम्ही नाही का धावलो?" बाईंचा आवाज चढला. पण सिस्टर खमकी. ती हलेचना. शेवटी बाईंनी वह्या माझ्या फळीवर आपटल्या. दोन किलो तीनशे ग्रॅम.

पुढचे पंधरा दिवस दोघी दुपारी त्याच खोलीत चौकटींवर फळ्या टाकून बसायच्या. ताई प्रत्येक मुलीची रेघ काढायची. रेघा वर जायच्या, खाली यायच्या आणि साधारण दर चौथ्या सोमवारी पुन्हा वर. शेऱ्याच्या रकान्यातही दर चार आठवड्यांनी एकच शब्द होता. ताई हसून म्हणाली, "या मैदानावर पोटदुखीची साथ आहे बघ. वेळापत्रक पाळून येते." सिस्टर म्हणाली, "पाळी म्हणायची चोरी ना, मग पोटदुखी." त्यावरून त्यांनी आपल्या उद्योगाचं नाव ठेवलं 'चौथा सोमवार'.

त्यांची योजना साधी होती. प्रत्येक मुलीने आपल्या फोनवर आपल्या तारखा, झोप, जेवण आणि दुखणं नोंदवायचं. ते तिच्याशिवाय कुणाला दिसणार नाही. प्रशिक्षकाला रोज फक्त एवढंच कळेल: आज पूर्ण सराव, आज हलका सराव, किंवा आज बोलायचंय. पाळी तीन महिने चुकली तर फोन मुलीला डॉक्टरकडे जायला सांगेल. सिस्टरचा सगळा जोर या शेवटच्या गोष्टीवर होता.

मग ताईने काडीची रेघ काढली. ती पट्टीने आखावी तशी सरळ.

"बघ माझी बहीण," ताई कौतुकाने म्हणाली. पण बोलता बोलता थांबली. तिने पुन्हा आकडे तपासले. संख्याशास्त्र शिकणारी पोर ती. "सिस्टर, हे खरं नाही. माणसाचं वजन इतकं शहाण्यासारखं वागत नाही. ग्लासभर पाणी प्यायलं तरी आकडा हलतो. दोन वर्षं हलत नाही म्हणजे कुणीतरी हलू देत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर ताईने काडीला खोलीतच गाठलं. दार लावून घेतलं. "सदरा वर कर," म्हणाली. काडीने आधी कांगावा केला, मग वर केला. कमरेला चार पिशव्या. ताई मटकन चौकटीवर बसली.

"पाळी येते का तुला?" सिस्टरने विचारलं.

"दहा महिने नाही आली," काडी म्हणाली. "बरंच आहे की! कटकट गेली. बाईच म्हणाल्या होत्या, आमच्या वेळी मेहनत लागू पडली की ती आपोआप थांबायची."

"मेहनत नाही लागू पडत, उपास लागू पडतो," सिस्टर म्हणाली. "पोटात पुरेसं जात नाही आणि धावणं तेवढंच. मग शरीर एकेक काम बंद करतं. आधी पाळी थांबते. आतल्या आत हाडं कमकुवत होतात. पाय दुखतो का?"

काडीने डावा पाय मागे घेतला. मग हळूच म्हणाली, "डाव्या नडगीत. थोडं." आणि एकदम रडायलाच लागली. तीन आठवड्यांनी निवड चाचणी होती. ती मारली की राज्याच्या संघात जागा. "ताई, तीनच आठवडे. तोवर कुणाला सांगू नकोस. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते. बाईंना कळलं तर मला उतरू देणार नाहीत. शपथ घे ना गं."

"तीन आठवड्यांत पाय मोडला तर?" सिस्टर म्हणाली. पण ताईला धाकट्या बहिणीचे डोळे बघवेनात. तिने शपथ घेतली. मला तिचा राग आला होता, आजही येतो. पण ती आजवर कधी काडीला नाही म्हणालीच नव्हती.

उद्योगांची स्पर्धा नेमकी सोमवारी आली. सकाळी वजनं झाली आणि लगेच दोघींनी मला हातगाडीवर चढवून कॉलेजच्या सभागृहात नेलं. एकाच मुलीचं वजन महिनाभरात कसं बदलतं हे समजावताना मी हाताशी असावा, ही सिस्टरची कल्पना. जिन्यावर मी दोनदा आपटलो. सभागृहात धावपटू मुली सरावाच्याच कपड्यांत येऊन बसल्या होत्या. बाई पहिल्या रांगेत होत्या, हाताची घडी घालून.

ताई छान बोलली. नावं न लिहिता रेघा दाखवल्या. काडीची रेघ त्यात नव्हती. मग परीक्षकांपैकी एक, खेळाचे बूट बनवणारे गृहस्थ, म्हणाले, "तुमच्या रेघा सगळ्या वरखाली होतात. म्हणजे सगळ्या मुलींचं नीट चाललंय असं तुम्हीच म्हणता. मग तुमची गरज आहे कुणाला? जिचं बिघडलंय अशी एक तरी दाखवा."

ताईच्या पिशवीत ती रेघ होती. मला ठाऊक होतं, सिस्टरला ठाऊक होतं. ताईचा हात पिशवीपर्यंत गेला आणि परत आला. "उत्तर आहे," ती म्हणाली, "पण ते माझं नाही. त्यामुळे मला ते दाखवता येणार नाही." परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने कागदावर काहीतरी खोडलं. सिस्टरने डोळे मिटून घेतले.

मागच्या रांगेतून काडी उठली. मंचाच्या पायऱ्या चढताना तिने कठडा धरला. एरवी उड्या मारत पायऱ्या चढणारी ती मुलगी! तिने बूट काढले आणि माझ्यावर उभी राहिली.

"ताई, वजन कर."

ताईने मान हलवली. "नको गं."

"कर म्हणते ना."

ताईने वजनं सरकवली. दोन वर्षांचा तोच आकडा. मग काडीने सदऱ्याखाली हात घालून एक पिशवी सोडली आणि ताईच्या हातात दिली. माझी दांडी खाली पडली. ताईने छोटं वजन मागे सरकवलं. दुसरी पिशवी. तिसरी. चौथी. प्रत्येक वेळी दांडी पडायची आणि प्रत्येक वेळी ताई वजन मागे घ्यायची. शेवटी जिथे दांडी तरंगली तो आकडा वाचून मलाच भीती वाटली. किती दिवसांनी मी त्या पोरीला एकटीला तोललं होतं!

"दहा महिने पाळी नाही," काडी समोर बघत म्हणाली. "पाय दुखतोय. मला वाटायचं मी पक्की झालेय. यांची गरज कुणाला, असं विचारलंत ना? मला."

बाई मंचावर आल्या. मला वाटलं, आता कडाडणार. त्यांनी आधी वाकून आकडा वाचला. मनातल्या मनात, मोठ्याने नाही. मग काडीचा दंड धरून तिला खाली उतरवलं आणि मंचामागे खुर्चीवर बसवलं. पडद्याआडून मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"माझी दीड वर्षं थांबली होती," बाई म्हणाल्या. "मी मिरवायचे. चोविसाव्या वर्षी मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरने विचारलं, पाळी येते का? मी म्हटलं, तिचा काय संबंध? ऐकलंच नाही त्याचं. आणि तेच तुम्हाला शिकवत राहिले." मग म्हणाल्या, "चुकलंच माझं. चाचणीला तू नाहीस उतरायचं."

"माहीत होतं," काडी म्हणाली. मग दोघीही रडल्या. बाईंना रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तपासणीत डाव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर निघाली. चाचणीच्या दिवशी ते हाड धावता धावताच दुभंगलं असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. काडीचा पूर्ण हंगाम गेला. संघात तिच्या जागी दुसरी मुलगी गेली आणि काडी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. 'चौथा सोमवार'चा तिसरा क्रमांक आला. खोली मिळाली ती जिन्याखालची, एका खिडकीची. बाईंनी स्वतः मला तिथे पोहोचवलं. "हा तुमच्याकडे ठेवा," म्हणाल्या. "दर आठवड्याला आता नको. डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि दार लावून."

आता मी त्या खोलीत असतो. काम बेताचं. सात महाविद्यालयांच्या मुली 'चौथा सोमवार' वापरतात. ताई फोनवर अखंड बोलते, सिस्टर कॉलेज सुटलं की येते. काडी सराव बंद असल्याने तिथेच डबा उघडून बसायची, आणि लक्ष नसल्याचं दाखवत ताईचं सगळं लक्ष त्या डब्यावरच. सहा महिने असे गेले. मधून मधून सिस्टर नुसत्या भुवया उंचावून विचारायची आणि काडी मान हलवायची, नाही.

एका दुपारी काडी दारात उभी राहिली. चेहरा लाल.

"आली," ती म्हणाली.

ताई फोन ठेवायला विसरली. आधी हसली, मग तोंडावर हात धरून हुंदके द्यायला लागली. सिस्टर पाणी आणायला धावली आणि पाण्याऐवजी रिकामा ग्लासच घेऊन आली.

"अगं ताई, पाळीच आलीय. पदक नाही आलं."

"तू गप्प बस," ताई म्हणाली. "मला रडू दे."

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. काट्यावर जरूर चढा, पण मी सांगेन तो आकडा म्हणजेच तुम्ही, असं समजू नका. मला थकवा दिसत नाही, भूक दिसत नाही, पाळी थांबलेली कळत नाही. शरीराची हेळसांड करू नका, आणि बहिणीचं, मैत्रिणीचं काही बिनसलंय असं वाटलं तर तिला विचारा, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे घेऊन जा. कमरेच्या त्या पिशव्या मला पहिल्या सोमवारपासून कळत होत्या. मी गप्प राहिलो, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.